निकी लाउडा : जिवाचा हिशेब ठेवणारा शर्यतवीर

ऑगस्ट १९७६. जर्मनीतील मानहाइम शहराच्या इस्पितळात सत्तावीस वर्षांचा एक तरुण अतिदक्षता विभागात पडून होता. चेहरा आणि डोके होरपळलेले, डोळे सुजून मिटलेले, फुप्फुसांत विषारी धूर गेलेला. ‘‘धर्मगुरूंना बोलवायचे का?’’ असे कुणीतरी त्याच्याजवळ वाकून विचारले. त्याने मान हलवली. धर्मगुरू आले. त्यांनी त्याच्या खांद्याला हात लावला, मरणाच्या दारातील ख्रिस्ती माणसासाठी म्हणतात त्या प्रार्थना म्हटल्या आणि ते निघून गेले. ‘बरा हो’ असा धीराचा एक शब्दही नाही! त्या तरुणाला याचा भयंकर राग आला. आपण मरायचे नाही, असे त्याने ठरवून टाकले.

हा तरुण म्हणजे ऑस्ट्रियाचा निकी लाउडा. मोटारशर्यतींच्या दुनियेतील त्या वेळचा विश्वविजेता.

अपघातानंतर बरोबर सहा आठवड्यांनी तो पुन्हा शर्यतीच्या मोटारीत बसला. डोक्याच्या जखमा अजून ओल्या होत्या. जगाने तोंडात बोटे घातली. त्यानंतर आणखी सहा आठवड्यांनी, विश्वविजेतेपद हातातोंडाशी आलेले असताना, भर पावसात चाललेल्या शर्यतीतून त्याने आपली मोटार बाजूला घेतली आणि तो उतरून चालता झाला. जगाने पुन्हा तोंडात बोटे घातली, पण या वेळी वेगळ्या कारणाने. काहींनी त्याला भेकडही म्हटले.

एकाच माणसाने तीन महिन्यांच्या आत केलेल्या या दोन गोष्टी. वरवर पाहता एकमेकींच्या अगदी उलट. पण लाउडाचे आयुष्य पाहिले, की त्या एकाच स्वभावातून आलेल्या आहेत हे कळते.

आजोबांचा नकार

निकोलाउस आंद्रेआस, म्हणजेच निकी, लाउडाचा जन्म २२ फेब्रुवारी १९४९ रोजी व्हिएन्ना शहरात झाला. घराणे बडे. कागदाच्या गिरण्यांचा व्यवसाय. आजोबा हान्स लाउडा हे ऑस्ट्रियातील उद्योगपतींच्या संघटनेचे अध्यक्ष, मोठमोठ्या मंडळांवर बसणारे. अशा घरातल्या मुलाने शिकावे, गिरणीत बसावे, पुढे चारचौघांत नाव काढावे, एवढीच अपेक्षा. निकीचे मन मात्र मोटारींत. १९६८ साली मिनी कूपर ही छोटी गाडी घेऊन तो डोंगर चढण्याच्या एका शर्यतीत उतरला आणि पहिल्याच खेपेस दुसरा आला.

घरच्यांना हे मुळीच पसंत नव्हते. लाउडांचे नाव वर्तमानपत्रात छापून यायचे तर ते अर्थविषयक पानावर, खेळाच्या पानावर नव्हे, अशी आजोबांची धारणा होती. आपल्याकडेही मुलाने बॅट हातात धरली किंवा नाटकात तोंडाला रंग लावला, की हेच ऐकायला मिळते. फक्त गिरणीच्या जागी बँकेतली नोकरी असते.

मोटारशर्यत हा खेळ मोठा विचित्र आहे. क्रिकेटपटूला बॅट आणि बूट घेऊन सुरुवात करता येते. इथे लाखो रुपये किमतीची मोटार, इंजिने, टायर, मेकॅनिक यांची सोय झाल्याशिवाय तुम्ही गुणी आहात की नाही हेसुद्धा कळत नाही. वरच्या पायरीवर जागा मिळवायची तर नवख्या चालकाने स्वतःच पैसे भरायचे, ही तिथली रीत. निकीने एका बँकेला राजी केले. बँक त्याला जाहिरातीपोटी पैसे द्यायला तयार झाली. पण त्या बँकेच्या संचालकांत आजोबा बसलेले! त्यांनी एका शब्दात तो व्यवहार मोडून काढला. आजोबा आणि नातवाचे बिनसले ते तेव्हापासून.

निकी मग दुसऱ्या बँकेत गेला. तारण काय ठेवणार? घर नाही, जमीन नाही. त्याने स्वतःच्या आयुष्याचा विमा उतरवला आणि त्यावर कर्ज उचलले. तो शर्यतीत मेला असता तर बँकेचे पैसे वसूल झाले असते. जिवंत राहिला तर जिंकून त्याने फेडायचे. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलाने आपला जीव असा कागदावर मांडून त्याची किंमत ठरवली होती. हिशेबाची ही सवय त्याला आयुष्यभर पुरली.

‘तुमची मोटार वाईट आहे’

फॉर्म्युला वन म्हणजे या खेळातली सर्वोच्च पायरी. उघड्या चाकांची, एकाच माणसाची बसायची जागा असलेली मोटार. जगभर फिरून वर्षभरात अनेक शर्यती होतात, प्रत्येकीत क्रमांकानुसार गुण मिळतात आणि ज्याचे गुण अधिक तो विश्वविजेता. आपल्याकडे ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे या शर्यती झाल्या, तेव्हा अनेकांनी त्या प्रथमच दूरदर्शनच्या पडद्यावर नीट पाहिल्या. पण आज दिसणाऱ्या शर्यती आणि लाउडाच्या काळातील शर्यती यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. त्या काळी चालकाच्या अवतीभवती पेट्रोलच्या टाक्या असत आणि कडेला झाडे, खांब, पत्र्याचे कठडे. लाउडाचाच देशबांधव योखेन रिंट १९७० साली सरावात मरण पावला. त्या वर्षीचे विश्वविजेतेपद त्याला मरणोत्तर मिळाले. १९७३ मध्ये हॉलंडच्या शर्यतीत रॉजर विल्यमसन उलटलेल्या मोटारीत अडकून जळाला. डेव्हिड पर्ली हा एकटा चालक आपली मोटार थांबवून त्याला सोडवायला धावला. बाकीच्या मोटारी बाजूने जात राहिल्या. त्याच वर्षी अमेरिकेत फ्रान्स्वा सव्हेर गेला. शर्यतीच्या हंगामाला निघालेल्या पंचवीस जणांतले एक-दोघे वर्षअखेर परत येणार नाहीत, हे सर्वांनी जणू धरूनच चालले होते.

लाउडाने १९७१ मध्ये मायदेशातील शर्यतीत फॉर्म्युला वनमध्ये पाऊल टाकले. १९७२ चे वर्ष ‘मार्च’ कंपनीच्या रडतखडत चालणाऱ्या मोटारीत वाया गेले. कर्ज डोक्यावर, हातात काही नाही. १९७३ मध्ये तो ‘बीआरएम’ संघात गेला. तिथे क्ले रेगाझोनी हा अनुभवी सहकारी लाभला. मोनॅकोच्या चिंचोळ्या रस्त्यांवर लाउडा बड्या बड्यांना मागे टाकून काही काळ तिसऱ्या क्रमांकावर धावला. मोटार बंद पडली, पण नजरेत भरायचे तो भरला. रेगाझोनी इटलीच्या ‘फेरारी’ संघात परतला तेव्हा त्याने मालकांपाशी या पोराचे नाव सुचवले.

मालक म्हणजे एन्झो फेरारी. काळा चष्मा लावणारे, सहसा शर्यतींना न जाणारे हे वृद्ध गृहस्थ. त्यांच्यासमोर उभे राहताना भल्याभल्यांची जीभ टाळ्याला चिकटे. फेरारीच्या खासगी मार्गावर मोटार चालवून बघितल्यावर एन्झोंनी विचारले, ‘‘कशी वाटली?’’ लाउडाला इटालियन येत नव्हते. त्याने इंग्रजीत सरळ सांगितले की मोटार भिकार आहे. दुभाषा म्हणून उभा असलेला एन्झोंचा मुलगा गडबडला. असे बोलता यायचे नाही, असे त्याने लाउडाला सुचवले. मग मोटार वळणावर नीट वळत नाही, पुढची चाके सरकतात, असे जरा सभ्य भाषेत सांगितले गेले. हा दोष काढला तर किती वेळ वाचेल, असे एन्झोंनी विचारले. अर्धा सेकंद, असे लाउडा म्हणाला. एन्झोंनी आठवड्याची मुदत दिली : अर्धा सेकंद वाचला नाही तर घरी जा. लाउडा आणि मुख्य अभियंता माउरो फोर्गिएरी कामाला लागले. मोटार सुधारली. लाउडा राहिला.

मला हा प्रसंग त्याच्या सगळ्या विजयांपेक्षा मोठा वाटतो. नोकरीच्या पहिल्याच दिवसात मालकाला खरे सांगणारी माणसे आपण किती पाहिली आहेत?

१९७४ मध्ये स्पेनला त्याने पहिली शर्यत जिंकली. १९७५ मध्ये पाच शर्यती जिंकून तो विश्वविजेता झाला. फेरारीला अकरा वर्षांनी हा मान मिळत होता. इटलीत आनंदाला उधाण आले. लाउडाला मात्र मिरवण्याची हौस नव्हती. जिंकलेले चांदीचे चषक त्याला कुरूप आणि निरुपयोगी वाटत. ते त्याने घराजवळच्या एका गॅरेजवाल्याला देऊन टाकले. बदल्यात गॅरेजवाल्याने त्याची गाडी फुकट धुऊन द्यायची!

पहिली ऑगस्ट

१९७६ चा हंगाम तर त्याचाच होता. त्या वर्षी मार्लीनशी त्याचे लग्न झाले. घरच्या आवारात ट्रॅक्टर उलटून बरगड्या मोडल्या, तेवढाच काय तो अपशकुन. तरीही तो शर्यती जिंकत राहिला. इंग्लंडचा जेम्स हंट हा त्याचा प्रतिस्पर्धी गुणांमध्ये बराच मागे होता. २०१३ साली निघालेल्या ‘रश’ या हॉलिवूडच्या चित्रपटामुळे दोघांच्या वैराची कथा घराघरांत पोहोचली, पण प्रत्यक्षात ते जुने मित्र होते. हंट रंगेल, मनमौजी. लाउडा लवकर झोपणारा, कागद-पेन्सिल घेऊन बसणारा. जमायचे मात्र चांगले.

जर्मनीची शर्यत न्यूरबर्गरिंग येथे व्हायची होती. आयफेलच्या डोंगरातून, जंगलातून वळणे घेत जाणारा हा मार्ग एका फेरीला जवळजवळ २३ किलोमीटर लांब. चालकांना तो तोंडपाठ करावा लागे. डोंगराच्या एका बाजूला ऊन, दुसऱ्या बाजूला पाऊस, असा तिथला प्रकार. एवढ्या लांबीवर जागोजागी अग्निशामक दल आणि डॉक्टर उभे करणे अशक्यच. १९७५ मध्ये याच मार्गावर सात मिनिटांच्या आत फेरी पूर्ण करणारा पहिला माणूस लाउडाच होता : ६ मिनिटे ५८.६ सेकंद. म्हणजे मार्ग अवघड वाटतो म्हणून तो कुरकुरत होता असे कुणी म्हणू शकत नव्हते. तरीही, किंवा म्हणूनच, इथे शर्यत घेऊ नये असे त्याने इतर चालकांच्या बैठकीत मांडले. मत घेतले गेले. बहुमत त्याच्या विरुद्ध गेले आणि शर्यत ठरली.

१ ऑगस्टला रस्ता अर्धा ओला, अर्धा कोरडा. दुसऱ्याच फेरीत, बेर्गवेर्क नावाच्या वळणाच्या अलीकडे, लाउडाची फेरारी एकाएकी उजवीकडे फेकली गेली, कडेच्या बांधावर आदळली आणि पेट घेऊन रस्त्याच्या मधोमध परत आली. मागून येणाऱ्या ब्रेट लंगरची मोटार तिच्यावर आपटली. लाउडाचे शिरस्त्राण डोक्यावरून निसटले होते. तो शुद्धीवर होता आणि पट्ट्यांनी बांधलेल्या अवस्थेत आगीत बसलेला होता.

त्याला बाहेर काढले ते अग्निशामक दलाने नव्हे. लंगर, गाय एडवर्ड्स, हाराल्ड एर्टल आणि आर्तुरो मेर्झारिओ या चार चालकांनी आपापली शर्यत सोडून आगीत हात घातला. मेर्झारिओ १९७३ पर्यंत फेरारीकडेच होता. पुढच्या वर्षी तिथे त्याच्या जागी लाउडा आला होता. त्यानेच ज्वाळांत वाकून लाउडाचे पट्टे सोडवले. तीन वर्षांपूर्वी विल्यमसनसाठी एकच माणूस धावला होता. या वेळी चौघे धावले, एवढा या दोन अपघातांत फरक.

भाजण्यापेक्षा भयंकर होते ते फुप्फुसांत गेलेले तप्त, विषारी वायू. डॉक्टरांना त्याची फार थोडी आशा होती. त्याच दिवसांत तो धर्मगुरूंचा प्रसंग घडला. मार्लीनने त्याला पाहिले तेव्हा ती चक्कर येऊन पडली. उजव्या कानाचा बराचसा भाग गेला, भुवया गेल्या, पापण्या गेल्या. पण आठवड्याभरात तो धोक्याबाहेर आला. त्याने प्लास्टिक सर्जरी करून घेतली ती फक्त पापण्यांची, कारण डोळे मिटता येणे गाडी चालवायला आवश्यक होते. बाकीचा चेहरा जसा होता तसाच त्याने ठेवला. पुढे डोक्यावर कायम लाल टोपी आली. लोक टोपीकडे बघतात हे लक्षात आल्यावर या व्यवहारी माणसाने टोपीवरची जागाही जाहिरातीला विकली!

भीती आणि फुजीचा पाऊस

१२ सप्टेंबरला इटलीत मोंझा येथे शर्यत होती. फेरारीने त्याच्या जागी कार्लोस रॉयटेमानला आणून ठेवले होते. लाउडा येईल असे कुणालाच वाटले नव्हते. तो आला. डोक्याला पट्ट्या बांधून, त्यावर मुद्दाम सैल केलेले शिरस्त्राण चढवून. पत्रकारांना त्याने सांगितले की आता भीतीबीती काही वाटत नाही.

ते खरे नव्हते. आपल्या आत्मचरित्रात त्याने नंतर स्वच्छ लिहिले की पहिल्या दिवशीच्या सरावात, ओल्या रस्त्यावर, भीतीने त्याचे अंग आखडून गेले होते. त्या रात्री त्याने विचार केला की आपण कुठे चुकतो आहोत. अपघातापूर्वीच्या लाउडासारखे चालवण्याचा आपण हट्ट धरतो आहोत, हे त्याला उमगले. दुसऱ्या दिवशी तो मुद्दाम सावकाश निघाला. कुणाशी स्पर्धा नाही, घड्याळाकडे बघणे नाही. फेरीमागून फेरी हळूहळू वेग वाढवत गेला, आणि पाहतो तो काय, तिन्ही फेरारींत सर्वांत वेगवान तोच! शर्यतीत तो चौथा आला. शिरस्त्राण काढले तेव्हा जखमांवरच्या पट्ट्या रक्ताने भिजून त्याला चिकटल्या होत्या.

भीती गिळून टाकायला सांगणारे पुष्कळ भेटतात. तिचे तुकडे करून एकेक बाजूला ठेवणारा हा माणूस म्हणून मला वेगळा वाटतो.

दरम्यान हंटने गुणांची दरी बरीच भरून काढली होती. लाउडाच्या गैरहजेरीत हॉलंड, मग कॅनडा, मग अमेरिका या शर्यती त्याने जिंकल्या. अखेरची शर्यत २४ ऑक्टोबरला जपानमध्ये, फुजी पर्वताच्या पायथ्याशी. लाउडाचे ६८ गुण, हंटचे ६५. त्या दिवशी सकाळपासून मुसळधार पाऊस आणि धुके. मार्गावर पाण्याचे लोट वाहत होते. पुढच्या मोटारीच्या चाकांतून उडणाऱ्या तुषारांपलीकडे काही दिसत नव्हते. शर्यत घ्यावी की नाही यावर तासन् तास खल चालला. पण जगभर प्रक्षेपणाची तयारी झालेली होती, आणि शर्यत सुरू झाली.

दोन फेऱ्या झाल्या. लाउडाने मोटार आत आणली, पट्टे सोडले आणि तो उतरला. भाजलेल्या पापण्या अजून नीट मिटत नव्हत्या, हे एक कारण होतेच. पण त्याने ते पुढे केले नाही. फोर्गिएरी त्याच्या बाजूने उभा राहिला. इंजिनात बिघाड झाला असे आपण जाहीर करू, असे त्याने सुचवले. लाउडा नको म्हणाला. या पावसात शर्यत चालवणे हा वेडेपणा आहे आणि माझ्या जिवाची किंमत विजेतेपदापेक्षा अधिक आहे, हेच कारण तसेच्या तसे सांगा, असा त्याचा आग्रह होता. आणखी तीन चालकांनीही त्या दिवशी माघार घेतली. पण विजेतेपद त्यांच्या हातात नव्हते. ते सोडून देणारा एकटा लाउडाच.

शर्यत संपण्याआधीच तो विमानतळाकडे निघाला होता. गंमत अशी, की पुढे पाऊस ओसरला. हंटचा टायर फुटला, तो मागे पडला, पुन्हा पुढे आला आणि तिसऱ्या क्रमांकाने शर्यत संपवली. चार गुण मिळाले. ६९ विरुद्ध ६८. एका गुणाने हंट विश्वविजेता!

इटलीतील वृत्तपत्रे लाउडावर तुटून पडली. एन्झो फेरारींचा विश्वास उडाला. जखमी सिंहाची उपमा देणारेच आता त्याला घाबरट म्हणू लागले. लाउडाने वाद घातला नाही. १९७७ मध्ये त्याने त्याच फेरारीत बसून विश्वविजेतेपद परत मिळवले आणि ते हाती पडताच, दोन शर्यती बाकी असतानाच, संघ सोडला.

इतरांचे जीव

पुढची दोन वर्षे तो ‘ब्रॅबम’ संघाकडे होता. १९७९ मध्ये कॅनडात सराव चालू असताना त्याला एकदम वाटले की पुरे झाले हे गोल गोल फिरणे. त्याच दिवशी त्याने संघमालक बर्नी एक्लस्टनला तसे सांगितले आणि शर्यती सोडल्या. विमाने हे त्याचे दुसरे प्रेम. ‘लाउडा एअर’ ही स्वतःची विमान कंपनी त्याने काढली. तो नुसता मालक नव्हता. परवानाधारक वैमानिक म्हणून प्रवासी विमान स्वतः चालवत असे.

विमान कंपनीला पैसा हवा होता, आणि जुनी खाजही गेली नव्हती. १९८२ मध्ये तो ‘मॅक्लारेन’ संघातून परतला आणि तिसरीच शर्यत जिंकला. १९८४ चे विजेतेपद तर कमालीच्या थोड्या फरकाने मिळाले. संघातला तरुण सहकारी अलाँ प्रोस्त त्याच्याहून वेगवान होता. त्याने सात शर्यती जिंकल्या, लाउडाने पाच. पण लाउडा गुणांचा काटकसरीने संसार करत राहिला आणि अखेर ७२ विरुद्ध ७१.५, म्हणजे अवघ्या अर्ध्या गुणाने, तिसऱ्यांदा विश्वविजेता झाला. हा अर्धा गुण आला कुठून? मोनॅकोची शर्यत त्या वर्षी पावसामुळे मध्येच थांबवली गेली आणि सर्वांना निम्मे गुण मिळाले. जिंकणारा होता प्रोस्त. १९७६ मध्ये पावसाने लाउडाकडून घेतले होते ते आठ वर्षांनी असे व्याजासह परत आले म्हणायचे. १९८५ अखेर तो कायमचा निवृत्त झाला. १७१ शर्यती, २५ विजय, तीन विश्वविजेतेपदे.

बहुतेक खेळाडूंची गोष्ट इथे संपते. लाउडाच्या आयुष्यातला सर्वांत कठीण काळ यानंतर आला.

२६ मे १९९१. लाउडा एअरचे बोइंग ७६७ विमान हाँगकाँगहून बँकॉकमार्गे व्हिएन्नाला निघाले होते. बँकॉकहून उड्डाण केल्यावर पंधरा मिनिटांच्या आसपास ते थायलंडच्या जंगलात कोसळले. २२३ माणसे होती. कुणीही वाचले नाही. लाउडा लगेच तिथे पोहोचला. जळालेल्या अवशेषांतून तो स्वतः फिरला. ओळख न पटलेल्यांच्या अंत्यविधीला तो उभा राहिला.

शर्यतीत जीव धोक्यात घालायचा की नाही हे माझे मी ठरवतो. पण तिकीट काढून माझ्या विमानात बसलेल्या माणसाने सुखरूप पोहोचलेच पाहिजे, तिथे माझ्या मर्जीचा प्रश्न नाही, अशी त्याची भूमिका होती. दोष आपल्या कंपनीचा निघाला तर विमान कंपनी बंद करायची, असे त्याने ठरवले होते.

तपासात कारण पुढे आले. विमान जमिनीवर उतरल्यावर वेग कमी करण्यासाठी इंजिनाचा झोत उलट दिशेला वळवणारी एक यंत्रणा असते. डाव्या इंजिनाची ही यंत्रणा विमान हवेत वर चढत असतानाच आपोआप उघडली होती. असे झाले तरी वैमानिक विमान सावरू शकतो, असे विमान बनवणाऱ्यांचे आतापर्यंतचे गृहीत होते. त्याची चाचणी झाली होती ती कमी वेगात. लाउडा अमेरिकेत सिएटल येथे बोइंगच्या कारखान्यात गेला, प्रशिक्षणाच्या कृत्रिम कक्षात बसला आणि तोच प्रसंग पुन:पुन्हा उभा करून विमान सावरण्याचा प्रयत्न करू लागला. एकदाही जमले नाही. मग त्याने कंपनीला सांगितले, की हे स्पष्ट शब्दांत जाहीर करा. शब्द कायदेशीर अडचणीत येतील म्हणून टाळाटाळ होऊ लागली. त्यावर त्याने आव्हान दिले : तुमचे ७६७ घ्या, दोन वैमानिक बसवा, हवेत ती यंत्रणा उघडा, विमान सावरता येते असे तुमचे म्हणणे असेल तर मीही त्यात बसतो. आव्हान कुणी घेतले नाही. अशा स्थितीत विमान सावरता येत नाही, हे अखेर कंपनीला मान्य करावे लागले. ती यंत्रणा हवेत उघडू नये म्हणून विमानांत जादा कुलपे बसवण्यात आली. आज आपण ज्या विमानांतून निर्धास्त प्रवास करतो त्यांच्या सुरक्षेत या हट्टाचा वाटा आहे.

अपघातापासून कारण स्पष्ट होईपर्यंतचे आठ महिने हा आपल्या आयुष्यातला सर्वांत वाईट काळ होता, असे तो सांगत असे. न्यूरबर्गरिंगच्या आगीलाही त्याने हे स्थान दिले नाही.

दुसऱ्यांनी दिलेले आयुष्य

मार्लीनशी त्याचा संसार १९९१ मध्ये मोडला. तो नवरा म्हणून किंवा बाप म्हणून आदर्श होता असे म्हणता येणार नाही; शर्यती, विमाने आणि कामे यांपुढे घराला फारसा वेळ मिळाला नाही. गंमत म्हणजे त्याच्या मोठेपणीच्या सगळ्या हिशेबांत न बसणारी गोष्ट घडली ती घरातच. त्याची मूत्रपिंडे निकामी झाली तेव्हा, १९९७ मध्ये, भाऊ फ्लोरियानने आपले एक मूत्रपिंड त्याला दिले. आठ वर्षांनी तेही थकले. २००५ मध्ये दुसरे मूत्रपिंड दिले बिरगिटने. ही त्याच्याच विमान कंपनीतली हवाई सुंदरी, त्याच्याहून सुमारे तीस वर्षांनी लहान. दोघांची ओळख होऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. हे कुठल्या तारणावर? २००८ मध्ये त्यांनी लग्न केले आणि पुढच्या वर्षी, लाउडाच्या वयाच्या साठाव्या वर्षी, त्यांना जुळी मुले झाली.

शर्यतींशी संबंध तुटला नव्हता. २०१२ पासून तो ‘मर्सिडीज’ संघाचा अध्यक्ष होता. ब्रिटनचा लुइस हॅमिल्टन या संघात यावा म्हणून त्याने स्वतः बोलणी केली. हॅमिल्टनने पुढे या संघातून एकामागून एक विश्वविजेतेपदे मिळवली. लाल टोपी घातलेला, खरखरीत आवाजाचा, तोंडावर बोलणारा हा म्हातारा प्रत्येक शर्यतीत दिसे.

१९७६ मध्ये होरपळलेली फुप्फुसे मात्र म्हातारपणी थकली. ऑगस्ट २०१८ मध्ये व्हिएन्नात त्याच्यावर फुप्फुसरोपणाची शस्त्रक्रिया झाली. २० मे २०१९ रोजी स्वित्झर्लंडमध्ये झुरिक येथे तो गेला. वय सत्तर. तो आयुष्यभर ज्याच्याशी स्पर्धा करत राहिला तो जेम्स हंट १९९३ मध्येच, पंचेचाळिसाव्या वर्षी, हृदयविकाराने गेला होता. न्यूरबर्गरिंगच्या त्या लांब मार्गावर १९७६ नंतर पुन्हा कधीही फॉर्म्युला वनची शर्यत झाली नाही.

व्हिएन्नाच्या सेंट स्टीफन कथीड्रलमध्ये त्याची शवपेटी ठेवली होती. पेटीवर त्याचे शिरस्त्राण होते. सामान्य नागरिक तासन् तास रांग लावून त्याच्यासमोरून गेले. त्याच्या तीन दिवस आधी, २६ मेला, मोनॅकोची शर्यत होती. लाउडा एअरच्या त्या अपघाताला त्या दिवशी अठ्ठावीस वर्षे झाली होती. सुरुवात होण्यापूर्वी सारे चालक मिनिटभर स्तब्ध उभे राहिले. जागोजागी लाल टोप्या दिसत होत्या. हॅमिल्टनने लाउडाच्या जुन्या शिरस्त्राणासारखे रंगवलेले शिरस्त्राण घातले, झिजलेल्या टायरांवर अखेरपर्यंत मोटार सांभाळत नेली आणि ती शर्यत जिंकली.